सॅच्युरेबल रिॲक्टर: उच्च दाबाच्या हौशी प्रयोगांत प्रवाह कसा आवरावा

उच्च दाबाच्या (व्होल्टेजच्या) हौशी प्रयोगांत दाब मिळवणे तुलनेने सोपे असते. कस लागतो तो प्रवाह आवरताना. निऑन पाटीच्या जुन्या, लोखंडी गाभ्याच्या ट्रान्सफॉर्मरमधून निघणारी ठिणगी हवी तेवढी मंद किंवा तेजस्वी ठेवायची असेल, तर व्हेरिॲक (दाब हाताने कमी-जास्त करता येणारा ट्रान्सफॉर्मर), मालिकेत जोडलेला बल्ब, चोक (एसी प्रवाह अडवणारे, लोखंडी गाभ्यावरचे तारेचे वेटोळे) आणि ट्रायॅकचा (अर्धवाहक स्विचचा) डिमर असे पर्याय समोर येतात. त्यांपैकी ट्रायॅकचा डिमर वाइंडिंगचा (तारेच्या वेटोळ्याचा) भार आणि ठिणगीचा गोंगाट एकत्र आला की हमखास गडबडतो, तर साध्या चोकेने ठरवलेला प्रवाह नंतर बदलता येत नाही. सॅच्युरेबल रिॲक्टर ही मात्र अशी चोक आहे की जिचा अडथळा लहानशा डीसी प्रवाहाने हवा तसा कमी-जास्त करता येतो. तिच्यात हलणारा भाग नाही आणि भाराच्या वाटेवर एकही अर्धवाहक नाही, त्यामुळे ठिणगीच्या धक्क्यांना ती सहसा दाद देत नाही. बाजारात सहज मिळणाऱ्या दोन सारख्या ट्रान्सफॉर्मरपासून सुमारे १०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) भारासाठी असा रिॲक्टर कसा बांधावा, तपासावा आणि उच्च दाबाच्या ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला कसा जोडावा, ते येथे सांगितले आहे. २३० व्होल्टच्या जोडण्या स्वतः सुरक्षितपणे करण्याचा सराव असलेल्यांसाठीच हे लेखन आहे. तो सराव नसेल तर जाणकार माणूस शेजारी असल्याखेरीज यातील १२ व्होल्टवरच्या दिशेच्या चाचणीच्या पुढे जाऊ नये.

ही युक्ती जुनी आहे. अर्न्स्ट अलेक्झांडरसन यांनी १९१६ साली रेडिओ-टेलिफोनीसाठी चुंबकीय ॲम्प्लिफायर मांडला, तो याच तत्त्वावर. स्वीडनमधील ग्रिमेटन येथील १९२४ सालच्या प्रक्षेपण केंद्रात अलेक्झांडरसन यांचे यंत्र आजही १७.२ किलोहर्ट्झवर चालवून दाखवले जाते. थायरिस्टर येण्यापूर्वी मोठ्या नाट्यगृहांतील दिव्यांचा प्रकाशही अशाच रिॲक्टरांनी कमी-जास्त केला जाई.

गाभा संपृक्त होतो म्हणजे काय होते

लोखंडी गाभ्यावरील वाइंडिंगला एसी दाब दिला की गाभ्यातील चुंबकीय फ्लक्स वर-खाली होतो, आणि त्या बदलातून निर्माण होणारा विरोधी दाब प्रवाहाला अडवतो. ही अडवणूक गाभ्यात आणखी फ्लक्स मावतो तोवरच टिकते. सिलिकॉन पोलादाचा गाभा साधारण १.८ ते २ टेस्लाच्या आसपास भरून जातो, म्हणजेच संपृक्त होतो. त्यानंतर फ्लक्स वाढणे जवळजवळ थांबते, विरोधी दाब नाहीसा होतो आणि ते वाइंडिंग निव्वळ तांब्याच्या तारेसारखे वागू लागते. त्याच गाभ्यावर दुसऱ्या वाइंडिंगमधून डीसी प्रवाह सोडला, तर गाभा आधीच काही अंशी भरलेला असतो आणि डीसीच्या दिशेच्या अर्धचक्रात तो लवकर संपृक्त होतो. डीसी जितका जास्त, तितका अर्धचक्राचा अधिक भाग भाराच्या वाट्याला येतो.

एकाच गाभ्यावर हे केल्यास दोन अडचणी येतात. पहिली अशी, की डीसीने गाभा एकाच दिशेला झुकतो, त्यामुळे एक अर्धचक्र मोकळे जाते आणि दुसरे अडते. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे: एसी वाइंडिंग आणि डीसी वाइंडिंग मिळून शेवटी ट्रान्सफॉर्मरच होतो, आणि नियंत्रणाच्या बाजूला एसी दाब उभा राहून डीसी पुरवठ्यात घुसतो. म्हणून दोन सारखे गाभे घ्यावे लागतात. त्यांची एसी वाइंडिंग एकाच दिशेने मालिकेत जोडतात, तर नियंत्रण वाइंडिंग परस्परविरुद्ध दिशेने. मग एक गाभा धन अर्धचक्रात संपृक्त होतो आणि दुसरा ऋण अर्धचक्रात, तर नियंत्रण वाइंडिंगमधले ५० हर्ट्झचे दाब एकमेकांना छेदतात. तेथे उरते ती मुख्यतः १०० हर्ट्झची आणि त्याहून वरची सम पटींची कुजबुज.

या जोडणीचा एक नियम पक्का लक्षात ठेवावा, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. काम करण्याच्या टप्प्यात एसी प्रवाहाची सरासरी (दोन्ही अर्धचक्रे एका दिशेची धरून काढलेली) गुणिले एसी फेरे, हे डीसी प्रवाह गुणिले डीसी फेरे यांच्याइतके असते. या समीकरणात पुरवठ्याचा दाब कोठेच येत नाही आणि भाराचा रोधही येत नाही. म्हणजे सॅच्युरेबल रिॲक्टर हा प्रवाहाचा नियंत्रक आहे, दाबाचा नव्हे. ठिणगीचा रोध प्रवाह वाढताच कोसळत असल्यामुळे तिला असाच नियंत्रक मानवतो. पण याच गुणात एक धोकाही दडलेला आहे. त्याकडे पुढे येऊ.

काय घ्यावे आणि काय टाळावे

२३० व्होल्ट प्रायमरी आणि २४ व्होल्ट, ५ अँपिअर सेकंडरी असे दोन ट्रान्सफॉर्मर घ्यावेत. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत ते सहज मिळतात. मात्र दोन्ही एकाच कारागिराचे आणि शक्यतो एकाच खेपेचे असावेत, कारण फेऱ्यांत किंवा स्टॅम्पिंगच्या (गाभ्याच्या पत्र्यांच्या) प्रतीत फरक असेल तर नियंत्रण बाजूचे दाब नीट छेदले जात नाहीत. दोघांच्या प्रायमरीचा रोध मल्टिमीटरने दुकानातच मोजून पाहावा. टोरॉइडल (कड्याच्या आकाराचा) गाभा मिळाल्यास उत्तम, कारण त्याची संपृक्ततेची कड धारदार असते. पण ईआय स्टॅम्पिंगचा (E आणि I आकाराच्या पत्र्यांचा) साधा ट्रान्सफॉर्मरही पुरेसे चांगले काम देतो.

ट्यूबलाइटच्या जुन्या चोका या कामाला घेऊ नयेत. त्यांच्या गाभ्यात मुद्दाम हवेची फट ठेवलेली असते आणि ती फट ओलांडण्यातच नियंत्रणाचे बहुतेक अँपिअर-फेरे खर्च होतात.

मायक्रोवेव्ह ओव्हनच्या ट्रान्सफॉर्मरबद्दल मात्र थोडे थांबून लिहिले पाहिजे. असे दोन ट्रान्सफॉर्मर घेऊन त्यांच्या उच्च दाबाच्या सेकंडरी नियंत्रणासाठी वापरण्याची पद्धत हौशी मंडळींत दिसते, कारण फेरे जास्त असल्याने तेथे थोडकाच डीसी पुरतो. परंतु दोन सेकंडरींची बेरीज शून्य असली तरी प्रत्येकीवर स्वतंत्रपणे हजार व्होल्ट किंवा अधिक दाब उभा असतो, आणि त्यांच्या मधला सांधा किंवा एखादे टोक हाताला लागले तर तो दाब बेरजेची वाट पाहत नाही. शिवाय अशा ट्रान्सफॉर्मरमध्ये सेकंडरीचे एक टोक बहुधा गाभ्यालाच जोडलेले असते. उच्च दाबाचा स्रोत म्हणून तर हा ट्रान्सफॉर्मर वापरूच नये. सुमारे २,००० व्होल्टला काही शे मिलिअँपिअर देणारी ही वस्तू आहे, आणि लाकडावर विजेच्या नक्षीचे प्रयोग करताना अमेरिकेत तिने अनेकांचे बळी घेतले आहेत. आपण निवडलेल्या जोडणीत नियंत्रण वाइंडिंग २४ व्होल्टची आहे. दोन प्रायमरी मालिकेत असल्याने प्रत्येकीवर जास्तीत जास्त ११५ व्होल्टच्या आसपास दाब येतो, म्हणून प्रत्येक नियंत्रण वाइंडिंगवर १२ व्होल्ट. सांधा सुटला तरी हाताशी येते ते एवढेच. याची किंमत म्हणजे नियंत्रणाला काही अँपिअर डीसी लागतो, आणि ती किंमत आनंदाने मोजावी असे माझे स्पष्ट मत आहे.

हिशोब असा. १२० व्हीएच्या ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या पायाचे क्षेत्रफळ सुमारे ११ चौरस सेंटिमीटर धरले आणि फ्लक्स घनता १.२ टेस्ला धरली, तर प्रत्येक फेऱ्यामागे ४.४४ × ५० × १.२ × ०.००११, म्हणजे सुमारे ०.२९३ व्होल्ट पडतो. त्यावरून प्रायमरीचे सुमारे ७८५ आणि सेकंडरीचे सुमारे ८२ फेरे निघतात. प्रत्यक्षात भारामुळे पडणारा दाब भरून काढण्यासाठी कारागीर सेकंडरीला काही फेरे जास्त देतो. भार १०० व्हीए म्हणजे ०.४३ अँपिअर, त्याची सरासरी ०.९ ने गुणून ०.३९ अँपिअर. ती ७८५ ने गुणून ८२ ने भागली की नियंत्रणाचा प्रवाह साधारण ३.७ अँपिअर येतो. सेकंडरी ५ अँपिअरची असल्याने तो तिला झेपतो.

नियंत्रणाच्या पुरवठ्यासाठी लहान व्हेरिॲक, त्यानंतर १२ व्होल्ट, ५ अँपिअरचा स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर, त्यानंतर २५ अँपिअरचा धातूच्या कवचाचा ब्रिज रेक्टिफायर, १ ओहम ५० वॉटचा रोध आणि डीसी अँमीटर अशी साखळी करावी. व्हेरिॲकमध्ये इनपुट आणि आउटपुट विद्युतदृष्ट्या वेगळे नसतात, म्हणून मधला १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर कधीही वगळू नये. स्विच व्हेरिॲकच्या आधी, एसी बाजूला ठेवावा. डीसीची वाट चालू प्रवाहात तोडली तर वाइंडिंगमधली साठलेली ऊर्जा स्विचच्या तोंडाशी ठिणगी होऊन बाहेर पडते. एसी बाजूला तोडल्यास ती ब्रिजच्या डायोडांमधून शांतपणे विरते. १ ओहमच्या रोधामुळे थोडी उष्णता फुकट जाते खरी, पण त्याच्याशिवाय नियंत्रण मंडलाचा रोध इतका कमी राहतो की बटण फिरवल्यानंतर प्रवाह सावकाश सरकत राहतो.

जोडणी आणि दिशेची चाचणी

दोन्ही ट्रान्सफॉर्मर लाकडी नव्हे, तर धातूच्या अर्थ केलेल्या पट्टीवर बसवावेत, आणि दोन्ही गाभे व नियंत्रण मंडलाचे ऋण टोक त्याच अर्थला जोडावे. पहिल्या प्रायमरीचे शेवटचे टोक दुसऱ्या प्रायमरीच्या सुरुवातीच्या टोकाला जोडावे. सेकंडरींची मात्र शेवटची टोके एकमेकांना जोडून दोन्ही सुरुवातीची टोके नियंत्रणासाठी मोकळी ठेवावीत. ट्रान्सफॉर्मरवर सुरुवात आणि शेवट यांच्या खुणा क्वचितच असतात, म्हणून अंदाजाने जोडून पुढील चाचणी करावी.

२३० व्होल्टचा पुरवठा पूर्ण दूर ठेवून, नियंत्रण पुरवठ्यातील ट्रान्सफॉर्मरचा १२ व्होल्ट एसी थेट त्याच्या सेकंडरीवरून घ्यावा आणि मालिकेतील दोन प्रायमरींच्या बाहेरच्या टोकांना द्यावा. मग मल्टिमीटर २ व्होल्ट एसीच्या पट्ट्यावर ठेवून नियंत्रणाच्या दोन मोकळ्या टोकांवर धरावा. प्रत्येक प्रायमरीवर ६ व्होल्ट असतात, म्हणून प्रत्येक सेकंडरीवर सुमारे ०.६३ व्होल्ट. जोडणी बरोबर असेल तर मीटरवर काही मिलिव्होल्ट ते काही दहा मिलिव्होल्ट दिसतील. चुकली असेल तर १.२५ व्होल्टच्या आसपास आकडा येईल, आणि तेव्हा एका सेकंडरीची टोके उलटी करावीत. हा १२ व्होल्ट चुकूनही सेकंडरींच्या बाजूने देऊ नये, कारण मग प्रत्येक प्रायमरीवर जवळपास ५७ व्होल्ट उभे राहतात. चुकीच्या दिशेने जोडलेला रिॲक्टर २३० व्होल्टवर चालवला, तर तो रिॲक्टर राहतच नाही: भार नियंत्रणाला न जुमानता पेटतो आणि ब्रिजच्या डायोडांमधून अनियंत्रित प्रवाह फिरतो. सगळ्या बांधणीत ही पाच मिनिटांची चाचणी सर्वांत मोलाची आहे.

यानंतर ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने) प्रायमरी ते सेकंडरी, प्रायमरी ते गाभा आणि सेकंडरी ते गाभा असे इन्सुलेशन तपासावे. या वेळी ब्रिज आणि अर्थच्या जोडण्या सोडवून ठेवाव्यात. कोऱ्या, कोरड्या ट्रान्सफॉर्मरमध्ये मेगर मापनाच्या टोकाला गेला पाहिजे.

मेन्सवरची पहिली चाचणी २३० व्होल्ट, १०० वॉटच्या तारेच्या बल्बवर करावी. एलईडी दिवा येथे चालत नाही. नियंत्रण शून्य असतानाही रिॲक्टरमधून थोडा मॅग्नेटायझिंग प्रवाह जातो आणि तेवढ्यानेच तो लुकलुकू लागतो. फेजमध्ये ६३० मिलिअँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज घालावा. हा बल्ब भारही आहे आणि आपल्याकडच्या वाइंडरांच्या टेबलावरचा सिरीज लॅम्पही तोच, त्यामुळे आत काही चुकले असले तरी प्रवाह ०.४३ अँपिअरच्या वर फारसा जात नाही. नियंत्रण शून्यावर ठेवूनच मेन्स चालू करावा. बल्ब काळाच राहावा. आता व्हेरिॲक हळूहळू वाढवावा. १ अँपिअर डीसीला एसी प्रवाहाची सरासरी ०.१०४ अँपिअर असायला हवी आणि तार मंद तांबूस दिसायला हवी. २ अँपिअरला सरासरी ०.२१, ३ अँपिअरला ०.३१. साधारण ३.७ अँपिअरच्या पुढे डीसी वाढवून काही फरक पडत नाही, कारण बल्ब स्वतःच तेवढाच प्रवाह घेतो. तेथेच थांबावे.

मोजताना एक बारकावा उपयोगी पडतो. एसी प्रवाहाचा आकार साइन लहरीसारखा नसतो, म्हणून परिणामी मूल्य (आरएमएस) हवे असेल तर ट्रू आरएमएस मीटरच लागतो. पण नियमाचा पडताळा सरासरीवर बेतलेला आहे, आणि स्वस्त मल्टिमीटर आतून सरासरीच मोजून १.११ ने गुणलेला आकडा दाखवतो. म्हणून येथे स्वस्त मीटर अधिक कामाचा: त्याचे वाचन ०.९ ने गुणले की थेट सरासरी मिळते. २ अँपिअर डीसीला त्यावर ०.२३ च्या आसपास आकडा आला, तर फेऱ्यांचे गुणोत्तर आणि जोडणी दोन्ही ठीक आहेत. अगदी कमी प्रवाहांवर वाचन थोडे जास्त येते, ते मॅग्नेटायझिंग प्रवाहामुळे. ऑसिलोस्कोपचा प्रोब मात्र मेन्सच्या मंडलात थेट लावू नये. प्रवाहाचा आकार पाहायचा असेल तर लहान करंट ट्रान्सफॉर्मरमधून पाहावा.

उच्च दाबाच्या ट्रान्सफॉर्मरला जोडताना

आपल्या रिॲक्टरला शोभेल असा भार म्हणजे लोखंडी गाभ्याचा, ५ किलोव्होल्ट, २० मिलिअँपिअरचा निऑन ट्रान्सफॉर्मर. तो १०० व्हीएचा असतो, म्हणजे प्रायमरीला ०.४३ अँपिअर. हल्लीचे हलके इलेक्ट्रॉनिक निऑन पुरवठे येथे चालत नाहीत. त्यांच्या आत उच्च वारंवारतेचे मंडल असते. रिॲक्टर नेहमी प्रायमरीच्या बाजूलाच, फेजमध्ये मालिकेत ठेवावा. सेकंडरीच्या बाजूचे इन्सुलेशन घरी बांधलेल्या कोणत्याही रिॲक्टरच्या आवाक्याबाहेरचे आहे.

जोडण्यापूर्वी निऑन ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर पॉवर फॅक्टर सुधारणारा कपॅसिटर आहे का ते पाहावे, आणि असल्यास तो काढावा. तो राहिला तर बदलत्या प्रेरकतेचा रिॲक्टर आणि हा कपॅसिटर मालिकेत येतात, आणि नियंत्रणाच्या एखाद्या टप्प्यावर फेरोरेझोनन्स (गाभा आणि कपॅसिटर यांचा अनुनाद) होऊन प्रायमरीवरचा दाब अचानक २३० व्होल्टच्या वर उसळतो. सेकंडरीला कपॅसिटर जोडलेल्या टेस्ला कॉइलमध्ये हाच धोका दुसऱ्या वाटेने येतो, म्हणून पहिली ओळख साध्या ठिणगीच्या शिडीवर (वर रुंदावत जाणाऱ्या दोन उभ्या तारांमधून ठिणगी चढते, ती) करून घ्यावी. शिडीच्या दोन तारांमध्ये तळाशी २ ते ३ मिलिमीटर अंतर पुरते.

आता मघाशी उल्लेखलेला धोका. बल्बवर नियंत्रण खाली आणले की प्रकाश मावळतो आणि दाब गेला असे वाटू लागते. निऑन ट्रान्सफॉर्मरवर तसे होत नाही. त्याच्या सेकंडरीत ठिणगी नसेल, तर प्रायमरी फक्त मॅग्नेटायझिंग प्रवाह मागते, आणि तो पूर्ण भाराच्या प्रवाहापेक्षा बराच कमी असतो. बटण खालच्या टप्प्यावर असले तरी रिॲक्टर तेवढा प्रवाह सहज देतो, आणि सेकंडरीवर जवळजवळ पूर्ण ५,००० व्होल्ट उभे राहतात, ना आवाज, ना उजेड. म्हणून बटण खाली आहे याचा अर्थ उच्च दाब नाही, असा कधीही घेऊ नये. आणि नियंत्रण शून्यावर नेणे म्हणजे पुरवठा तोडणेही नव्हे. पुरवठा तोडायचा तो फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणाऱ्या आयसोलेटरनेच, आणि शिडीजवळ हात नेण्यापूर्वी प्लगही काढून स्वतःच्या डोळ्यांसमोर ठेवावा.

घरातील ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती प्रवाह ओळखून पुरवठा तोडणारा स्विच) येथे संरक्षण देत नाही. उच्च दाबाचा प्रवाह सेकंडरीतून निघून अर्थमार्गे सेकंडरीकडेच परततो, त्यामुळे प्रायमरीच्या फेज-न्यूट्रलमधला तोल बिघडत नाही. २० मिलिअँपिअर छातीतून गेल्यास स्नायू आखडतात, श्वास अडू शकतो आणि जीवही जाऊ शकतो. निऑन ट्रान्सफॉर्मरचे कवच पक्क्या अर्थला जोडावे, उच्च दाबाचा सगळा भाग झाकणाच्या पेटीत ठेवून झाकण उघडताच पुरवठा तोडणारा स्विच बसवावा, आणि नियंत्रणाचे बटण त्या पेटीपासून हातभर नव्हे तर दीड-दोन मीटर दूर ठेवावे. खोली हवेशीर असावी, कारण ठिणगीतून ओझोन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे निघतात. एकट्याने चालवू नये. सोबतच्या माणसाला आयसोलेटर कोठे आहे ते आधी दाखवून ठेवावे.

चालवताना दोन्ही गाभे १०० हर्ट्झने गुणगुणतात, ते स्वाभाविक आहे. खडखड ऐकू आली तर पुरवठा तोडून स्टॅम्पिंगचे बोल्ट आवळावेत. पूर्ण नियंत्रणावरही भाराला पूर्ण २३० व्होल्ट मिळत नाहीत, कारण दोन प्रायमरींच्या तांब्यात १३ ते १७ व्होल्ट पडतात. अर्ध्या तासाने, प्लग काढल्यानंतर, गाभे हाताला सोसवेनात इतके तापलेले असतील तर नियंत्रण प्रवाह कमी करावा. रिॲक्टर अपेक्षेपेक्षा फार जास्त डीसी मागत असेल, तर दोन ट्रान्सफॉर्मरांचे फेरे वेगळे असण्याची किंवा गाभ्यात फट राहिल्याची शक्यता आधी तपासावी.

याच दोन ट्रान्सफॉर्मरवर दुप्पट, म्हणजे २०० व्हीएचा भार चालवायचा असल्यास दोन्ही प्रायमरी मालिकेऐवजी समांतर जोडता येतात. सेकंडरी विरुद्ध दिशेनेच राहतात आणि नियंत्रणाचा डीसी प्रवाहही तेवढाच लागतो. मात्र तेव्हा प्रत्येक प्रायमरीवर पूर्ण २३० व्होल्ट आणि प्रत्येक नियंत्रण वाइंडिंगवर २४ व्होल्ट येतात, नियंत्रण शून्य असतानाचा प्रवाह वाढतो, आणि सम पटींचे प्रवाह दोन प्रायमरींच्या बंद कड्यातच फिरत राहिल्याने बटणाला मिळणारा प्रतिसाद मंदावतो. दिशेची चाचणीही पुन्हा करावी लागते: प्रायमरींना १२ व्होल्ट समांतर दिल्यास चुकीच्या जोडणीचा आकडा १.२५ नव्हे, २.५ व्होल्ट असतो.